रानस्ट्रॉबेरीचा कोलम

मामी माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाय. फाटक करकरलं की आतून हाक यायची, "पाय कुठं ठेवलास?" मग तो पोस्टमन असो, सिलिंडरवाला असो की त्यांची सख्खी नणंद असो. फाटकापासून पायरीपर्यंत विटा मांडलेल्या होत्या, एकीवरून दुसरीवर ढांग टाकत जायचं. मधली सगळी जमीन पानांनी झाकलेली. तीन-तीन पानांचे झुबके, कडा करवतीच्या, वर बारीक लव. कुणाचा पाय चुकून पानावर पडलाच तर मामी त्या माणसाला अवाक्षर बोलायच्या नाहीत. खाली वाकायच्या आणि झाडाला विचारायच्या, "लागलं का गे?" त्या माणसाला तेवढं पुरायचं.

मी खोली बघायला गेले तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं. नुसत्या धास्तीनं चपला फाटकाबाहेर काढल्या आणि पहिल्याच विटेवर बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिले, कारण दुसरा पाय कुठं टेकवावा ते कळेना. मामींनी माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, ही राहील. तुझं काय ते तू बघ.

घर चेन्नईत, पोरूरच्या एका आतल्या गल्लीत. खाली घरमालकीण एकट्या, सगळी गल्ली त्यांना मामीच म्हणायची; माडीवर आमची एक खोली. नवरा इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर. कंपनीची बस त्याला उजाडता उजाडता न्यायची ती अंधार पडल्यावर आणून सोडायची. मी दिवसभर एकटी. सातवीत शाळा सुटलेली, जावळी खोऱ्याबाहेर कधी राहिलेली नाही, तमिळचं अक्षर येत नाही. दारावर टकटक झाली की मी श्वास रोखून बसायची, म्हणजे घरात कुणी नाही असं वाटून तो माणूस निघून जाईल. भाजीवाल्याची आरोळीसुद्धा मला कुणीतरी भांडतंय अशी ऐकू यायची.

या घरात मराठी बोलतात एवढं ऐकूनच आम्ही आलो होतो. पण ते मराठी ऐकून मी आधी गोंधळलेच. मामींचे पूर्वज तंजावरला कधी आले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शब्द माझ्या पणजीच्या वेळचे, चाल तमिळची, आणि बोलता बोलता अख्खं वाक्यच तमिळ होऊन जायचं. लवकरला त्या 'बेगीन' म्हणायच्या, कशालाला 'कसाला'. उलट त्यांना माझंच मराठी विचित्र वाटायचं. गाडी चुकल्यासारखं पळतं म्हणायच्या.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी गाव विचारलं. मी म्हटलं, महाबळेश्वरच्या खाली, नुसती शेती आहे. शेती कसली, तर स्ट्रॉबेरीची. मामींनी माझं मनगट धरलं आणि मला जिन्यावरून जवळजवळ ओढतच खाली नेलं. दिवा लावला, मला अंगणात त्या पानांपाशी बसवलं आणि म्हणाल्या, बोल. काय बोलू ते मला कळेना. त्या मात्र हरखून गेल्या होत्या. गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटल्या, की माझ्या माडीवर स्ट्रॉबेरीची टीचर आली आहे. मी किती शिकले ते त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. आता मामी नाहीत, म्हणून सांगते. चेन्नईत येऊन मला त्या प्रश्नाची जेवढी भीती वाटायची तेवढी कशाचीच वाटत नव्हती.

मामींची स्ट्रॉबेरी म्हणजे आमच्याकडची नव्हे. आमच्या फळाला त्या पाण्याचा फुगा म्हणायच्या. त्यांची नीलगिरीतली, रानातली. लग्नानंतरची बरीच वर्षं त्यांनी त्या डोंगरात काढलेली, यजमानांची नोकरी तिकडे होती. तिथं रस्त्याकडेच्या दरडींवर ही आपोआप पसरते. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. शाळेतून येणारी पोरं वाकतात आणि तोंडात टाकतात. फळ करंगळीच्या नखाएवढं, पांढरट गुलाबी. यजमान गेल्यावर मामी खाली उतरल्या तेव्हा सामान बांधायच्या आधी त्यांनी जेवणाचा डबा भरला, तोही मातीसकट रोपांनी. गाडीत भूक लागली तेव्हा केळी खाल्ली.

जो तो सांगायचा, की मामी, मद्रासच्या उकाड्यात ही जगायची नाही. मामींचं उत्तर ठरलेलं. मीसुद्धा डोंगरावरूनच उतरले, मी जगले की.

त्यांचं म्हणणं असं, की डोंगरातली माती कधी उघडी नसते. इथं मात्र रोज सकाळी अंगण झाडून झाडून तिची कातडी सोलतात. "मातीला नागडं ठेवायचं आणि आपण नऊ वार नेसायचं, हे कुठलं शास्त्र?" हे त्या भटजींनासुद्धा ऐकवायच्या. आणि झाकायची ती खायच्या झाडानंच. स्ट्रॉबेरीच्या मध्येमध्ये वल्लारै म्हणजे ब्राह्मी होती, घोळ होती, डोळ्यांना चांगली म्हणून पोन्नांगण्णीची पालेभाजी होती. आमटीला फोडणी घालून त्या बाहेर यायच्या, वाकून मूठभर खुडायच्या आणि तशाच आत जायच्या. समोरच्या बंगल्यात कुणीतरी मऊ हिरवळ लावून घेतली होती. ती बघायला मामींना कौतुकानं बोलावलं, तर हिरवळीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, तुमच्याकडे गाय कधी येणार?

मे महिन्यात, चेन्नईचं ऊन कात्रीसारखं कापतं म्हणून ज्याला कत्तिरी म्हणतात त्या दिवसांत, मामींचं अंगण बघण्यासारखं असायचं. आंब्याच्या फांदीपासून फाटकाच्या खांबापर्यंत दोऱ्या बांधून त्यांच्या जुन्या नऊवारी साड्या ताणलेल्या असायच्या, जांभळ्या, मोरपंखी, हळदीच्या रंगाच्या, आणि त्यांच्या सावलीत झाडं. साड्या दुपारभर ओल्या ठेवायच्या. एक बाजू वाळली की बादली घेऊन दुसरीकडे. गल्लीत नवीन आलेल्यांना वाटायचं, या घरात रोज केवढं धुणं निघतं. तरी निम्म्याहून जास्त झाडं जायचीच. उरलेल्यांना मामी जून लागला की म्हणायच्या, आता पसरा.

आणि ती पसरायची. तिथंच आमचं पहिलं भांडण झालं.

माझं सगळं ज्ञान शेतातलं. आमच्याकडे वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद, कागदाच्या भोकातून रोप, आणि रोपाला रनर फुटला की खुडायचा. रनर म्हणजे ती लांब दोरी, जिच्या टोकाला नवं रोप धरतं. नाही खुडला तर झाड फळाचं बळ दोरीला देतं. दिवसच्या दिवस रनर खुडायची रोजंदारी मी केलेली. मामींच्या अंगणात तर दोऱ्यांचं जाळं झालं होतं. मी धीर करून म्हटलं, मामी, हे काढायला पाहिजेत.

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खोली सोडायचीच तयारी केली.

"मूल रांगायला लागलं," त्या म्हणाल्या, "की तुमच्या साताऱ्यात पाय कापतात का गे?"

मी घाबरले आणि मग एकदम हसायलाच लागले. थांबता येईना. चेन्नईत आल्यापासून मी तशी हसलेच नव्हते. मामी पण हसल्या. मग मी सांगितलं, की पावसाळ्यात नवी रोपं करताना आम्ही याच्या उलट करतो. रनर मातीच्या पिशवीवर टेकवतो, तारेच्या आकड्यानं दाबून ठेवतो, आणि सांगू तिथं तो मूळ धरतो. मामी हसायच्या थांबल्या. "सांगू तिथं?" त्यांनी विचारलं. आत जाऊन झाडूतले हीर उपसून आणले, एक मोडून त्याचा आकडा केला आणि माझ्या हातात दिला.

मामींचा मुलगा शोळिंगनल्लूरला, सॉफ्टवेअरमध्ये. माणूस चांगला. एक रविवार सोडून यायचा, आईची औषधं आणायचा, विटांवरून नीट चालायचा. पण आदल्या पावसाळ्यात मामी ओल्या विटेवरून सरकल्या होत्या आणि मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं होतं, ते काही त्याच्या मनातून जात नव्हतं. त्यात गल्लीतल्या बायकांनी त्याचे कान भरले. दिवाळीनंतर मार्गळीचा थंडीचा महिना येईल, सगळ्या दारांत पहाटे पिठीच्या रांगोळीचे कोलम, आणि तुझ्या आईच्या दारात पाला. कोलम नसलेलं दार म्हणजे घरात सुतक.

दिवाळीला आला तेव्हा त्यानं शांतपणे सांगून टाकलं. पोंगल झाला की मेस्त्री येईल. पुढची सगळी जमीन फरशीची होईल. आईचा पाय सरकणार नाही, गाडी आत लागेल, आणि फरशीवर हवा तेवढा मोठा कोलम काढता येईल. झाडं कुंड्यांत लावू.

मला वाटलं, मामी आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी त्याला वाढलं, डब्यात लाडू भरून दिले, फाटकापर्यंत पोचवलं. मग आत जाऊन न जेवता निजल्या. मला रात्रभर धड झोप नाही. फरशी आली की ही बाई राहणार कशावर, हेच डोक्यात. सकाळी दूधवाल्याच्या आधी आमचं दार वाजलं. मी श्वास रोखला नाही, कारण मामींची टकटक मला आता ओळखू यायची.

"कोलम पाहिजे ना त्याला?" मामी म्हणाल्या. "बेगीन ये. कोलम देऊ."

इथून पुढचे दोन-अडीच महिने मी जशी जगले तशी आधी कधी जगले नव्हते. नवऱ्याचा डबा भरला की मी जिना उतरून खाली. झाड म्हणजे ठिपका, रनर म्हणजे रेघ. मामी तांदळाच्या पिठीनं जमिनीवर आकार टाकायच्या आणि मी हिराचे आकडे टोचत दोऱ्या त्यावरून न्यायची. पहिल्या दिवशी त्या आत जेवायला गेल्या तेव्हा मी एक कोपरा एकटीनंच पुरा केला. आमच्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखा, या झाडापासून त्या झाडापर्यंत सरळ दोऱ्या, छान चांदणी. मामी हात पुसत बाहेर आल्या आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हे तू जेल बांधलंस. त्यांच्या कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवत नाही. त्याला वळसा घालून पुढे जाते, पुढच्याला वळसा घालते, आणि सगळ्यांभोवती फिरून जिथून निघाली तिथं येऊन मिळते. मिळाली नाही तर तो कोलमच नव्हे.

हातभर लांब दोरीला वळवायचं म्हणजे नाजूक काम, जोर केला की मोडते. रोज बोटभर वळवायची, आकडा पुढे सरकवायचा. पण खरी पंचाईत वेगळीच. दोरीला मध्ये जिथं गाठ असते तिथं ती मूळ धरणारच. म्हणजे आठवडा झाला की जिथं ठिपका नको तिथं नवीन झाड. मी विचारलं, हे तरी खुडू? मामी म्हणाल्या, कसाला? ठिपका वाढला, कोलम वाढवू. पुन्हा पिठी, पुन्हा नवा वळसा. त्यात कार्तिकातला पाऊस, चेन्नईचा खरा पावसाळा तेव्हाच. सकाळी बघावं तर सगळे आकडे वाहून फाटकाशी गोळा झालेले आणि दोऱ्या बेवारशी. मामी पदर खोचून चिखलात बसायच्या. मी म्हणायची, मामी मनगट, तर त्या म्हणायच्या, दुसरं आहे.

गल्लीतल्या बायका आधी भिंतीवरून डोकावल्या, मग सल्ले द्यायला लागल्या, मग भांडायला. ही रेघ डावीकडून, नाही, उजवीकडून. डावं, उजवं, वर, खाली, थांब, मोडेल. मला तमिळ आलं ते असं, चिखलात बसून. एक दिवस भाजीवाला ओरडत आला आणि मी सहज खिडकीतून त्याला भाव विचारला. विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी विचारला.

फूल मात्र धरेना. थंडीशिवाय ही फुलत नाही, एवढं मला गावाकडचं माहीत होतं, आणि चेन्नईची थंडी म्हणजे पंखा एक आकडा कमी. मामी विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीनवाल्याला थांबवलं. काशीमेडूच्या बंदरावरून मासे घेऊन मोपेडवर यायचा तो. उभ्या जन्मात मासळीकडे न बघितलेली बाई, नाकाला पदर लावून, त्याला विचारत होती, की मासे नकोत, बर्फ किती?

संध्याकाळी त्यानं पेटीच्या तळाचा उरलेला बर्फ आणून झाडांच्या बुडाशी पसरला. मामींनी लांबून देखरेख केली आणि लगेच आंघोळ केली. आम्ही दोघी मोठ्या आशेनं झोपलो. उजाडताच मामींची हाक. खाली येऊन बघते तर पोरूरमधली सगळी मांजरं आमच्या अंगणात. बर्फ वितळला होता, वास राहिला होता. कुणी माती उकरतंय, कुणी पानं चाटतंय, एक बोका तर कोलमच्या मधोमध पोट वर करून पडलेला. मामींनी हातातली पळी उगारली, आणि मांजरं पळाली तर वळसे मोडतील म्हणून तशीच धरून ठेवली. मग एकेका मांजराला उचलून भिंतीपलीकडे ठेवायचं काम माझ्याकडे आलं. त्यानंतर बर्फाला वेगळं, कोरं पोतं झालं. मीनवाला ते फाटकाला अडकवून जायचा आणि स्ट्रॉबेरीला ताप उतरला का, म्हणून रोज विचारायचा.

बर्फानं झालं की मार्गळीच्या गारव्यानं, देव जाणे. एका पहाटे मी आकडे सरकवत होते आणि पानाखाली काहीतरी पांढरं दिसलं. पिठी सांडली असेल म्हणून बोट लावलं. फूल होतं. मी अशी ओरडले, की समोरच्या बंगल्यातला दिवा लागला. मामी धावत आल्या, विटा सोडून, सरळ पानांवरून. माझ्याशेजारी बसल्या, चष्मा नव्हता म्हणून नाक अगदी फुलाला लावलं. कितीतरी वेळ तशाच.

मग फुलं येत गेली. बहुतेक गळाली, दोन फळं खारींनी नेली, एक पोंगलच्या सुमाराला पिकलं. मामींनी ते ताटलीत ठेवलं, यजमानांच्या दाढीच्या जुन्या सामानातलं पातं उकळून आणलं आणि नखाएवढ्या फळाचे भाग केले. पहिला भाग मीनवाल्याला. मग दूधवाला, माझा नवरा, मी, आणि ज्या भागाला भाग म्हणायचीही पंचाईत तो त्यांनी स्वतः घेतला. माझ्या जिभेवर ते आलं आणि गेलं, वास मात्र तोंडात राहिला, अननसासारखा, फुलासारखा. नवरा म्हणाला, काय होतं? मामी म्हणाल्या, तू बस पकड.

पण कोलम पुरा झाला नव्हता. वाढत वाढत तो घराच्या कडेनं विहिरीकडे जाणाऱ्या बोळापर्यंत सरकला होता, आणि त्या बोळात कुणीतरी पूर्वी सिमेंट करून ठेवलेलं. रेघ तिथपर्यंत जायची आणि सिमेंटला डोकं टेकून थांबायची. दोरी सिमेंटवर टाकून पाहिली, पण तिथं मूळ धरेना, टोक वाळून गेलं. मामी रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभ्या राहायच्या. रेघ मिळाली नाही, एवढंच म्हणायच्या. आणि पोंगल होऊन गेला होता.

मुलगा ठरल्याप्रमाणे आला. मागून मेस्त्री आला, खांद्यावर पहार, आणि त्याच्या मागे छोट्या टेम्पोत फरशा. मेस्त्रीनं फाटक ढकललं. आतून हाक आली, "पाय?" तो बिचारा होता तिथंच थांबला. मग खाली पाहिलं.

फाटकापासून पायरीपर्यंत, विटांच्या दोन्ही बाजूंनी, हिरव्या ठिपक्यांभोवती लालसर दोऱ्यांचे वळसे, त्यात कुठं कुठं पांढरी फुलं. पहार त्यानं भिंतीला टेकवली आणि विटेवर उकिडवा बसला. फाटकाशी एक रेघ धरली आणि बोटानं, हवेतल्या हवेत, तिच्या मागोमाग निघाला. या ठिपक्याला वळसा, त्या ठिपक्याला वळसा, आंब्याच्या बुंध्यामागून, पुन्हा पुढे. त्याच्या घरीही कुणीतरी रोज पहाटे हेच काढत असणार. मुलगा सांगत होता, की या बाजूनं सुरुवात करा, झाडं हळू काढा, कुंड्या आणल्या आहेत. मेस्त्रीचं लक्ष नव्हतं. त्याचं बोट सिमेंटपाशी येऊन थांबलं. तो परत आला, दुसरी रेघ धरली. तीही सिमेंटपाशीच आली.

मग त्यानं विचारलं, इथून पुढे कुठं?

मुलानं माझ्याकडे पाहिलं. तोवर तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मीच त्याच्या गाडीचा आवाज आला की वर पळायची. आईनं तुम्हाला हे सगळं करायला लावलं का, असं त्यानं मराठीत, त्यांच्या त्या जुन्या मराठीत विचारलं. माझ्या मनात आलं, काय बोलावं ते एखाद्या शिकलेल्याला विचारून येऊ.

"दोघींनी केलं," मी म्हटलं. "अजून ठिपक्यांच्या दोन ओळी लागतील. त्यांची जागा सिमेंटखाली आहे. मग रेघ मिळेल."

तेच मी मेस्त्रीला तमिळमध्ये सांगितलं, जसं येत होतं तसं. तो उठला, पहार घेतली आणि विटांवरून ढांगा टाकत, एकही पान न दुखवता, बोळापर्यंत गेला. तिथून मुलाला विचारलं, सार, पोंगलला तै महिना लागला, त्यातलं माझं हे पहिलं काम आहे, अर्ध्या कोलमवर फरशी घालायला माझा हात धजत नाही; आधी हे फोडू का?

मुलानं आईकडे पाहिलं. मामी कुणाकडेच बघत नव्हत्या. पदर खोचून त्या सिमेंटवरची तुळशीची कुंडी सरकवायला लागल्या होत्या, त्याच त्या मनगटानं. त्यानं बूट काढले, विटांवरून गेला आणि कुंडी त्यांच्या हातातून घेतली. मेस्त्रीला एवढंच सांगितलं, की फुटलेले तुकडे या विटांखाली घट्ट बसवा, आईचा पाय पुन्हा सरकता कामा नये. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला कुणीतरी परत पाठवलं.

मी हीर आणायला आत धावले. बाहेर आले तेव्हा मेस्त्रीनं पहार उचललीच होती, आणि मामी बोळाच्या तोंडाशी वाकून उभ्या होत्या.

"हळू रे," त्या म्हणाल्या. "खाली माती आहे. किती वर्षांनी उजेड बघते आहे."